साखळी-करवतीचे दोषनिदान व दुरुस्ती

एप्रिल व मे या महिन्यांत बेंगळुरू शहरावर मान्सूनपूर्व वादळी सरी येतात. त्यांच्यासमवेत येणाऱ्या वाऱ्याने रस्त्यांच्या कडेचे जुने वृक्ष उन्मळून पडतात, किंवा त्यांच्या जड फांद्या मोडून रस्त्यावर, वाहनांवर व विजेच्या तारांवर कोसळतात. या शहरातील छायावृक्षांची परंपरा जुनी आहे. १९०८ ते १९३२ या काळात लालबाग उद्यानाची धुरा वाहणारे जर्मन उद्यानतज्ज्ञ गुस्टाव्ह हर्मन क्रुंबिगल यांनी वर्षभर एकामागून एक वृक्ष फुलत राहतील अशा रीतीने लागवड करण्याची दृष्टी या शहरास दिली. गुलमोहर, पीतमोहर, वर्षावृक्ष यांच्या सावलीचे सुख नागरिकांना आजही लाभते. परंतु वय झालेला वृक्ष, सिमेंटच्या फरशीखाली कोंडलेली मुळे आणि पावसाने सैल झालेली माती यांचा योग जुळून आला, म्हणजे तोच वृक्ष संकटाचे कारण होतो.

अशा वेळी मदतीस जाणाऱ्या पथकाच्या हाती जे मुख्य साधन असते, ते म्हणजे इंजिनावर चालणारी साखळी-करवत. कारागिरांच्या बोलीत तिला चेनसॉ म्हणतात. पडलेल्या झाडाखाली माणूस अडकला असता ती सुरू झाली नाही, तर होणारी हानी पैशाने मोजता येत नाही. म्हणून अनेक वर्षे राबलेल्या करवतीचे दोष कसे ओळखावेत व त्यांची दुरुस्ती कोणत्या क्रमाने करावी, याचा विचार या पाठात केला आहे. त्याचे सार आरंभीच सांगून ठेवणे बरे: बिघडलेला भाग हा पुष्कळदा बिघाडाचे कारण नसून त्याचा परिणाम असतो. कारण न शोधता केवळ भाग बदलणारा कारागीर तीच दुरुस्ती पुन्हा पुन्हा करीत बसतो.

करवतीची रचना

जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी १९२६ साली विजेवर चालणारी व १९२९ साली पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत तयार केली. ही यंत्रे इतकी जड होती की ती चालविण्यास दोन माणसे लागत. साखळीच्या दातांचा आजचा आकार मात्र एका अळीच्या निरीक्षणातून निर्माण झाला. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात लाकूडतोडीचे काम करणारे जोसेफ कॉक्स यांनी १९४६ साली पाहिले की, लाकूड पोखरणाऱ्या एका भुंगेऱ्याची अळी आपले वक्र जबडे डावीकडे व उजवीकडे चालवीत लाकडातून सहज वाट काढते. त्यावरून त्यांनी आळीपाळीने डावे व उजवे दात असलेली साखळी बनविली. आज जगभर वापरात असलेल्या बहुतेक साखळ्या त्याच तत्त्वावर बनतात.

व्यावसायिक करवतीचे इंजिन द्विघाती असते. म्हणजे क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यास एक स्फोट होतो. यात वंगणासाठी तेलाची निराळी टाकी नसते. पेट्रोलमध्येच तेल मिसळतात, आणि हे मिश्रण क्रँकच्या बंद पेटीतून सिलिंडरात जाता जाता सर्व भागांस वंगण पुरविते. उत्तम प्रतीचे तेल असल्यास प्रमाण बहुधा ५० भाग पेट्रोलास १ भाग तेल, म्हणजे लिटरमागे २० मिलिलिटर असते. यावरून एक गोष्ट उघड होते. इंधन कमी पडले म्हणजे केवळ शक्तीच नव्हे, तर वंगणही कमी पडते.

करवत आडवी, उभी वा उलटी धरली तरी चालली पाहिजे. म्हणून तिच्या कार्ब्युरेटरात तरंगणारा गोळा नसून रबरी पडदा असतो. दट्ट्याच्या, म्हणजे पिस्टनच्या, हालचालीने क्रँकच्या पेटीतील दाब कमी-अधिक होतो, व त्या स्पंदनांनी इंधनाचा लहानसा पंप चालतो. इंजिनाची गती वाढली की केंद्रोत्सारी क्लच पकड घेतो आणि दातेरी चाक साखळीला बारवरून, म्हणजे मार्गदर्शक पट्टीवरून, फिरविते. पूर्ण गतीत साखळीचा वेग सेकंदाला २० मीटर किंवा त्याहूनही अधिक असतो.

निदानाची रीत

वैद्य जसा औषधापूर्वी नाडी पाहतो, तसे कारागिराने पेचकस हाती घेण्यापूर्वी यंत्राचा इतिहास विचारावा. करवत थंड असता सुरू होत नाही की तापल्यावर? दोष हळूहळू वाढला की एकाएकी उद्भवला? इंधन कोणी व केव्हा मिसळले? या प्रश्नांच्या उत्तरांनीच निम्मे काम होते.

त्यानंतर पहिली तपासणी सर्वांत सोपी पण सर्वांत उपेक्षित अशी आहे. सायलेन्सरचे स्क्रू काढून तो बाजूला करावा व धूर बाहेर जाण्याच्या झरोक्यातून दट्ट्या पाहावा. त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असून रिंगा मोकळ्या दिसल्या, तर पुढे जावे. उभे खोल ओरखडे दिसले, तर कार्ब्युरेटरशी खेळण्यात वेळ घालविणे व्यर्थ होय. त्याच वेळी झरोका व ठिणगी अडविणारी जाळी काजळीने बुजली आहे काय, हेही पाहून घ्यावे. श्वास कोंडलेल्या माणसाप्रमाणे असे यंत्र जोर लावू शकत नाही.

यंत्र मुळीच सुरू होत नसेल, तर स्पार्क प्लग काढून पाहावा. दोरी अनेकदा ओढूनही प्लग कोरडा निघाला, तर इंधन सिलिंडरापर्यंत पोहोचत नाही. टाकीतील गाळणी, तडकलेली नळी किंवा कार्ब्युरेटरातील ताठरलेला पडदा यांकडे मोर्चा वळवावा. प्लग ओला असेल, तर इंधन पोहोचते पण पेटत नाही. तेव्हा प्लगची फट सुमारे ०.५ मिलिमीटर ठेवून तो यंत्राच्या धातूस टेकवावा व दोरी ओढून ठिणगी पाहावी. हे करताना प्लग त्याच्या छिद्रापासून दूर धरावा. कारण छिद्रातून उडणारी इंधनाची वाफ पेटू शकते. ठिणगी नसेल, तर महागडी कॉइल बदलण्यापूर्वी बंद करण्याच्या बटनाची तार सोडवून पुन्हा पाहावे. जुन्या यंत्रात या तारेचे आवरण घासून तिचा धातूशी स्पर्श होतो, आणि करवत जणू कायम बंदच ठेवली जाते. तार सोडविताच ठिणगी आली, तर दोष तारेत आहे, कॉइलमध्ये नाही.

ठिणगी व इंधन दोन्ही असूनही यंत्र सुरू होत नसेल, तर संपीडन, म्हणजे दट्ट्याने हवा दाबली जाण्याचे प्रमाण, तपासावे. दाबमापक नसल्यास दोरीची मूठ धरून करवत अधांतरी टांगावी. वजनाने ती टप्प्याटप्प्याने, अडखळत खाली आली, तर संपीडन बरे समजावे. ती सरळ घसरत आली, तर रिंगा किंवा सिलिंडर झिजले आहेत. थंड असता सुरू होणारी पण तापल्यावर रुसणारी करवत पुष्कळदा याच दोषाची असते.

काही लक्षणे मात्र फसवी असतात. पाच-दहा मिनिटे उत्तम चालून करवत बंद पडते, थोडा वेळ थांबल्यास पुन्हा चालते, आणि कारागीर कार्ब्युरेटर उघडतो. वास्तविक टाकीत हवा घेणारे सूक्ष्म छिद्र बुजलेले असते. इंधन जसजसे कमी होते तसतशी टाकीत पोकळी निर्माण होऊन पंपाची ओढ अपुरी पडते. यंत्र मंदावताच ते थांबवून टाकीचे झाकण सैल करावे. हवा आत शिरल्याचा आवाज आला व यंत्र पुन्हा लगेच चालू लागले, तर निदान पूर्ण झाले.

बेंगळुरूची हवा व आजचे पेट्रोल

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे. तेथील हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यावरील दाबापेक्षा सुमारे एक दशांशाने कमी असतो. कार्ब्युरेटरातून जाणारे इंधन मात्र त्या प्रमाणात कमी होत नाही. त्यामुळे किनाऱ्यावर नीट जुळविलेली करवत येथे आणल्यास तिचे मिश्रण दाट होते, म्हणजे त्यात हवेच्या मानाने इंधन जास्त होते. ती धूर सोडते, प्लग काळा पडतो व शक्ती घटते. हा दोष त्रासदायक असला तरी घातक नाही. याच्या उलट बेंगळुरूत जुळविलेली करवत घाट उतरून मंगळुरूस नेली, तर तिचे मिश्रण पातळ होते. ती चपळ वाटते, आवाज तीक्ष्ण येतो, वापरणारा संतुष्ट होतो. आणि त्याच वेळी दट्ट्या अपुऱ्या वंगणावर तापत असतो. स्थान बदलले की 'एच' व 'एल' हे दोन्ही स्क्रू नव्याने जुळविले पाहिजेत. अलीकडील काही करवतींत हे काम विद्युत्-नियंत्रणाने आपोआप होते. परंतु जुन्या यंत्रांची जबाबदारी माणसावरच असते.

दाबमापकाच्या अंकांसही उंचीचा हाच नियम लागू पडतो. किनाऱ्यावर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १०.५ किलोग्रॅम दाब दाखविणारे निरोगी इंजिन बेंगळुरूत सुमारे ९.५ दाखवील. हा फरक न जाणणारा कारागीर चांगल्या रिंगा काढून टाकील.

दुसरे कारण इंधनाचे आहे. आपल्या देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे धोरण २०२३ पासून टप्प्याटप्प्याने अमलात आले, आणि २०२५ पर्यंत असे पेट्रोल देशभर सर्वसामान्य झाले. कित्येक जुनी यंत्रे १० टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणासाठीच बनविलेली आहेत. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असल्यामुळे तेवढ्याच हवेसाठी असे इंधन अधिक लागते. म्हणजे जुळवणी न बदलल्यास मिश्रण पातळ होते. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पावसाळ्यात डबा उघडा राहिला व पुरेसे पाणी मिसळले, तर पाणी व इथेनॉल यांचा थर तळाशी बसतो, आणि टाकीतील गाळणी तळाशीच असते. त्या थरात वंगणाचे तेल जवळजवळ नसते. म्हणून मिश्रण थोडे व ताजे करावे, डबा घट्ट बंद ठेवावा, आणि करवत महिनाभर पडून राहणार असल्यास टाकी रिकामी करून उरलेल्या इंधनावर यंत्र बंद पडेपर्यंत चालवावे.

जळालेल्या दट्ट्याची साक्ष

ओरखडे पडलेला दट्ट्या हा साक्षीदार आहे. तो फेकून देण्यापूर्वी त्याची साक्ष घ्यावी. ओरखडे केवळ धूर जाण्याच्या बाजूस असतील, तर बहुधा पातळ मिश्रण व अतिउष्णता हे कारण असते. हवा येण्याच्या बाजूस मंद, धुरकट झीज दिसली, तर गाळणीतून धूळ आत शिरलेली असते. चहूबाजूंनी ओरखडे असतील, तर तेल न मिसळलेल्या पेट्रोलचा संशय घ्यावा.

पातळ मिश्रणाचे मूळ नेहमी स्क्रूत नसते. जुन्या करवतीत क्रँकच्या दोन्ही टोकांची रबरी सील कडक होतात, अथवा कार्ब्युरेटर व सिलिंडर यांमधील रबरी नळीस सूक्ष्म चीर पडते. तेथून चोरून आलेली हवा मिश्रण पातळ करते. अशा करवतीची मंद गती स्थिर राहत नाही. मूठ सोडली तरी इंजिन काही क्षण वरच्या गतीतच घोंगावते. येथे अनेक जण 'एच' स्क्रू थोडा उघडून इंधन वाढवितात व लक्षण झाकून टाकतात. चीर मात्र वाढतच जाते, आणि एके दिवशी दट्ट्या अडकतो. नवा दट्ट्या बसविला जातो, पण गळती तशीच राहते. आणि काही आठवड्यांनी नवाही त्याच जागी जळतो.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे गळतीची परीक्षा. धूर जाण्याचा व हवा येण्याचा असे दोन्ही मार्ग रबरी पट्ट्यांनी बंद करून हातपंपाने क्रँकच्या पेटीत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.५ किलोग्रॅम दाब द्यावा व काटा स्थिर राहतो काय हे पाहावे. काटा उतरल्यास सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे गळतीची जागा दाखवितात. नंतर तितकीच पोकळी निर्माण करून पुन्हा पाहावे. सीलची ओठासारखी कड एकाच दिशेने घट्ट बसते; दाबाखाली उत्तीर्ण झालेले सील पोकळीत नापास होऊ शकते. म्हणून दोन्ही परीक्षा आवश्यक आहेत. फ्लायव्हील हाताने धरून वरखाली हालवून पाहावे. खेळ जाणवल्यास बेअरिंग झिजले आहे, आणि अशा बेअरिंगवर बसविलेले नवे सील टिकणार नाही.

साखळी, बार व तेल

करवत जोर लावीत नाही अशी तक्रार आली असता दोष इंजिनात नसून साखळीत असण्याचा संभव मोठा असतो. जमिनीवर पडलेला भुगा पाहावा. धारदार साखळी जाड सोलपटे काढते. बोथट साखळी पिठासारखी पूड काढते. शहरातील झाडांच्या खोडांत फलक टांगण्यासाठी ठोकलेले खिळे व तारा दडलेल्या असतात, आणि उन्मळलेल्या बुंध्याला माती व खडे चिकटलेले असतात. एकच खिळा साखळीची संपूर्ण धार घालवितो. लाकडाच्या जातीचाही परिणाम होतो. सागाच्या लाकडातील वाळूसारखे कण धार लवकर झिजवितात. बेंगळुरूतील मल्लेश्वरम येथे १९३८ साली सुरू झालेली वन संशोधन प्रयोगशाळा आज काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. तेथे लाकडाच्या अशाच गुणधर्मांचा अभ्यास होतो.

धार लावताना साखळीच्या मापास अनुरूप जाडीची गोल कानस घ्यावी. माप काढण्यासाठी लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधील अंतर मोजून त्याची निमपट करावी. बहुतेक साखळ्यांचा कोन ३० अंश असतो. सर्व दात सर्वांत आखूड दाताइतके करावेत. एका बाजूचे दात लांब वा अधिक धारदार राहिले, तर करवत त्या बाजूस ओढते व काप वाकडा जातो. प्रत्येक दातापुढील उंचवटा दाताने किती खोल चावावे हे ठरवितो. तो दाताच्या धारेपेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असावा. घाईने तो अधिक घासल्यास साखळी लाकडात हिसके देते, इंजिनावर ताण येतो व करवत उलट उसळण्याचा धोका वाढतो.

धार समान असूनही काप वाकडा जात असेल, तर बारच्या दोन्ही कडा सारख्या उंचीच्या आहेत काय ते पाहावे. झीज एकाच अंगास होऊ नये म्हणून बार वेळोवेळी उलटा करून बसवावा. दातेरी चाकावर ०.५ मिलिमीटरहून खोल खाचा पडल्या असतील, तर तेही बदलावे. झिजलेल्या चाकावर बसविलेली नवी साखळी अल्पावधीत जुनी होते. तेल पोहोचते की नाही हे पाहण्यासाठी बारचे टोक फिकट कागदावर न टेकविता धरून इंजिन जलद चालवावे. कागदावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. मोटारीतून काढलेले जुने तेल येथे वापरू नये. त्यातील धातूचे कण पंप झिजवितात, आणि ते तेल अखेर मातीत जाते.

दुरुस्तीनंतरची कसोटी

चालते एवढ्यावरून करवत दुरुस्त झाली असे म्हणता येत नाही. मंद गतीत साखळी पूर्ण स्थिर राहिली पाहिजे. ती फिरत असेल, तर मंद गती वाजवीपेक्षा जास्त आहे किंवा क्लचच्या स्प्रिंगा सैल झाल्या आहेत. साखळीचा ब्रेक पुढे ढकलताच साखळी क्षणात थांबली पाहिजे. गतीच्या मुठीवरील अडसर, तुटलेली साखळी अडविणारा खुंट, आणि हादरे शोषणारी रबरे वा स्प्रिंगा शाबूत असल्या पाहिजेत. फाटलेल्या रबरांची करवत काम देते, पण दीर्घकाळ ती वापरणाऱ्याच्या बोटांतील रक्तप्रवाह मंदावतो, बोटे पांढरी व बधिर पडतात, आणि हा विकार बहुधा पुरता बरा होत नाही. यांपैकी एकही कसोटी न उतरलेली करवत, मग तिचे इंजिन कितीही गोड वाजत असो, कामगाराच्या हाती देऊ नये.

दुरुस्ती कोठे थांबवावी यासही नियम आहे. सील, नळ्या, पडदे, स्प्रिंगा, रिंगा व दातेरी चाक हे झिजण्यासाठीच केलेले भाग आहेत. ते बदलल्याने यंत्रास नवे आयुष्य मिळते. सिलिंडराच्या आतील कठीण मुलामा शाबूत असेल, तर त्यावर चिकटलेले अॅल्युमिनियम काढून तो पुन्हा वापरता येतो; मुलामाच सोलला असेल तर सिलिंडर बदलावे लागते. क्रँकची पेटी तडकली असेल किंवा तिच्यातील बेअरिंगची बैठक सैल झाली असेल, तर त्या करवतीचे चांगले भाग काढून दुसरीस उपयोगी पाडावेत.

शेवटी, प्रत्येक करवतीसाठी एक छोटी वही ठेवावी. इंधन केव्हा मिसळले, साखळी केव्हा बदलली, कोणता भाग बिघडला व त्याचे कारण काय आढळले, हे तारखेसह लिहावे. कारणाचा रकाना रिकामा असेल, तर ती दुरुस्ती अपुरी समजावी. ही सर्व तपासणी मार्च महिन्यातच, आकाश निरभ्र असता, पूर्ण झाली पाहिजे. पहिल्या वादळानंतर रस्त्यावर उभे राहून दोष शोधण्यास अवधी मिळत नाही.